कपडे सैल झाले आहेत का?

सैल कपड्यातलं माणूस दिसलं की मास्तरांच्या डोक्यात तिडीक जायची. रस्त्यात समोरून येणाऱ्या अनोळखी माणसाच्या सदऱ्याचा खांदा उतरलेला दिसला तरी ते थांबून बघत राहायचे. मग बायको कोपरानं ढोसून म्हणायची, "चला आता, तो काही तुमचं गिऱ्हाईक नाही." पन्नास वर्षं शिलाई मशीनवर पाय मारलेल्या माणसाचं दुसरं काय होणार! दुकान बंद करून अकरा वर्षं झाली होती. मशीन तेवढं घरी आणून खिडकीपाशी ठेवलं होतं आणि आता त्यावर फक्त एकाच माणसाचे कपडे शिवले जात, बायकोचे.

बायको पंचाहत्तरीची. एके काळी अशी धडधाकट, की दुकानातले कापडाचे गठ्ठे माळ्यावर तीच चढवायची आणि मास्तर खालून "जपून, जपून" म्हणायचे. गेल्या दीड वर्षात मात्र तिचं काहीतरी बिनसलं होतं. काय बिनसलं ते कुणालाच सांगता येत नव्हतं. भांडी घासताना मध्येच खाली बसायची. ताटातलं अर्धं अन्न तसंच राहायचं. "भूक नाही हो," म्हणायची, "तुम्ही जेवा." आणि दोनदा पडली. एकदा न्हाणीत, एकदा नुसती उभ्या उभ्या, ओट्यापाशी.

दवाखान्याला ही माणसं घाबरत होती असं नाही हं. उलट दवाखान्याच्या पायऱ्या झिजवल्या त्यांनी. हृदयवाले निराळे, गुडघेवाले निराळे, डोळेवाले तिसऱ्या मजल्यावर, आणि साखर बघणारे मागच्या इमारतीत. प्रत्येकानं आपापला तुकडा तपासला आणि आपापला तुकडा ठीक आहे म्हणून सांगितलं. पडली तेव्हा फोटो काढले. "हाड शाबूत आहे, नशीबवान आहात, घरी न्या." मास्तरांच्या पिशवीत कागदांचा हा एवढा जाड गठ्ठा झाला होता, पण सगळे तुकडे ठीक असलेली बाई दिवसेंदिवस का विरत चालली आहे, ते त्या गठ्ठ्यातल्या एकाही कागदावर लिहिलेलं नव्हतं.

बायकोचं मागणं एकच होतं. "मला काही डोंगर चढायचा नाही," ती म्हणायची. "आपल्या पायांनी संडासला जाता आलं पाहिजे, बस. ते गेलं ना, मग मी संपले. सासूबाईंचं केलंय मी चार वर्षं. मला ठाऊक आहे ते काय असतं." मास्तर म्हणायचे, "काहीतरीच काय बोलतेस!" पण ते बोलणं त्यांच्या काळजात रुतून बसलं होतं.

आणि म्हणूनच डोळेवाल्यांच्या दारातल्या एका बाईनं सांगितलं, की वृद्धांसाठी नवा विभाग निघालाय, घरी येऊन व्यायाम करून घेतात, खाण्याकडे बघतात, बारा आठवड्यांत माणूस पुन्हा उभं राहतं, तेव्हा मास्तरांच्या जिवात जीव आला. त्याच दिवशी अर्ज टाकला. पाच आठवडे वाट पाहिली. मग एका सकाळी त्या विभागाची सिस्टर तपासणीला घरी आली.

त्या सकाळी मास्तरांनी काय थाट केला म्हणून सांगू! घर झाडलं. बायकोला मोरपिशी झगा घातला, केस नीट बसवले आणि खुर्चीत बसवलं. झगा अंगावर असा बसला होता की दुकानाच्या काचेत लावावा. का नाही बसणार? चारच दिवसांपूर्वी मास्तरांनी तो दोन्ही बाजूंनी पाव पाव इंच आत घेतला होता.

हे आत घेणं दीड वर्ष चालू होतं. महिना-दोन महिने झाले की बायकोचा झगा खांद्यावरून घसरल्यासारखा दिसायचा, आणि मास्तरांना ते बघवायचं नाही. मास्तरांची बायको आणि अंगात पोतं? लोक काय म्हणतील? मग ते चिमटीत कापड धरून दोन टाचण्या मारायचे, मशीनवर बसायचे आणि नवी टीप टाकायचे. पाव इंच म्हणजे असं काय मोठं! म्हातारपणी माणूस थोडं आटायचंच. जुनी टीप मात्र ते उसवत नसत, कापडही कापत नसत. उद्या अंग भरलं तर सोडता आलं पाहिजे, असं म्हणून जास्तीचं कापड सगळं आत तसंच ठेवायचे. एक झगा झाला की दुसरा, दुसरा झाला की तिसरा. कपाटातला एकही कपडा त्यातून सुटला नव्हता.

सिस्टर चांगली होती, हसतमुख. तिनं मांडीवर फॉर्म घेतला. "पाचच प्रश्न आहेत आजी. तीन 'हो' आले की तुमचं नाव यादीत."

दमायला होतं का? होतं. जिना चढता येतो का? नाही, मध्येच थांबावं लागतं. दोन झाले. गल्लीच्या टोकापर्यंत चालता येतं का? येत होतं, काठी घेऊन, अर्धा तास लावून, पण येत होतं, आणि बायको खोटं बोलणारी नव्हे. आजार किती? चार. पाच असते तर धरले असते.

"आता शेवटचा," सिस्टर म्हणाली. "वजन कमी झालंय का? काटा मी आणलेला नाही, बॅगेत मावत नाही. फॉर्मवरच लिहिलंय कसं विचारायचं ते. गेल्या वर्षभरात कपडे सैल झाले आहेत का?"

बायकोनं मास्तरांकडे बघितलं. मास्तर ताठ बसले.

"सैल?" ते म्हणाले. "सिस्टर, मी टेलर आहे. पन्नास वर्षं हात चाललाय माझा. हिच्या अंगात सैल कपडा तुम्हाला सापडायचा नाही. बघा की तुम्हीच, आहे कुठे एक चुणी?"

सिस्टरनं बघितलं. "खरंच हो काका. फारच छान बसलाय." आणि तिनं पाचव्या चौकटीत 'नाही' वर खूण केली. मग थोडं थांबून, वाईट वाटल्यासारखी म्हणाली, "दोनच झाले. सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी होईल. तोवर काळजी घ्या."

ती गेल्यावर मास्तर दिवसभर चिडचिडत होते. दमते म्हणून सांगितलं, जिना चढवत नाही म्हणून सांगितलं, तरी पुरेसं नाही म्हणतात! माणूस आडवं पडल्यावर येणार का हे? बायको खिडकीबाहेर बघत बसली होती. आपण काय करून बसलो, हे मास्तरांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

पुढचे चार महिने कसे गेले ते सांगण्यात अर्थ नाही. ज्यानं घरात म्हातारं माणूस पाहिलंय त्याला ते ठाऊक आहे. गल्लीचं टोक गेलं. मग फाटक गेलं. मग दार. स्वयंपाकघरापासून पलंगापर्यंत यायला तिला भिंतीचा, खुर्चीचा, मशीनचा आधार लागायला लागला. लेक दुसऱ्या शहरातून फोनवर विचारायची, "बाबा, आई कशी आहे?" आणि मास्तर सांगायचे, "आहे, हळूहळू." संडासला मात्र ती अजून आपल्या पायांनी जात होती. मास्तर मागे दोन पावलांवर हात पसरून चालायचे आणि ती म्हणायची, "मागे मागे येऊ नका हो, पोलिसासारखे."

मग ती तिसऱ्यांदा पडली आणि या वेळी डोकं आपटलं.

अपघात विभागात तिला चाकाच्या खाटेवर घेतलं. त्या खाटेतच काटा होता. माणूस झोपवलं की आपोआप आकडा दिसतो म्हणे. तरणा डॉक्टर होता. त्यानं आकडा वाचला, मग मास्तरांच्या गठ्ठ्यातला एक जुना कागद वाचला, मग पुन्हा आकडा.

"आजोबा, दोन वर्षांपूर्वी यांचं वजन बावन्न लिहिलंय. आज सदतीस आहे."

"मशीन बिघडलं असेल," मास्तर म्हणाले.

"मशीन नाही बिघडलेलं. पंधरा किलो, आजोबा! घरात कुणाच्या लक्षात नाही आलं? कपडे सैल नाही झाले यांचे?"

मास्तरांनी खाटेकडे बघितलं. तिथल्या सिस्टरनं बायकोचा झगा काढून दवाखान्याचा अंगरखा तिला घातला होता. तो सगळ्यांना एकाच मापाचा असतो. त्यातून तिचे खांदे, गळ्याची हाडं आणि काठीएवढे दंड बाहेर आले होते. या माणसानं रोज तिला कपडे घालायला मदत केली होती. रोज बघितलं होतं. पण डोळा कायम कापडावर. कापड नीट बसलं की पुढचं त्यांना दिसतच नव्हतं. आज कापड नीट बसलेलं नव्हतं आणि त्यांना बायको दिसली. ते भिंतीला धरून खाली बसले, आणि डॉक्टरला वाटलं म्हाताऱ्याला चक्कर आली.

डोक्याला चार टाके घालून तिला दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. हाड शाबूत होतं. नशीबवान.

तिला झोपवून मास्तरांनी कपाट उघडलं. सगळे झगे पलंगावर टाकले, एकेक उलटा केला. आतल्या बाजूला टिपा होत्या, एकीशेजारी एक, सरळ, कुठेही न हललेल्या. मोजल्या. मोरपिशीत सात, करड्यात सहा, फुलाफुलांच्यात सात. दोन्ही बाजूंनी सात वेळा पाव पाव इंच! पोरसवदा कारागिरानं दुकानात अशी चूक केली असती तर त्याला त्यांनी हाकलून दिलं असतं. स्वतःला कुठे हाकलायचं? ते झगे मांडीवर घेऊन बसले आणि मोठ्यानं रडले. बायको जागी झाली तर होऊ दे, असं त्यांना वाटलं. ती झाली नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ते सगळे झगे पिशवीत भरले, बायकोला भाड्याच्या गाडीत घातलं आणि वृद्धांच्या विभागात गेले. खिडकीतला कारकून म्हणाला, "तुमची तपासणी झालीये काका. पुढची सहा महिन्यांनी. म्हणजे अजून दीड महिना आहे." मास्तर म्हणाले, "मी इथून हलणार नाही." कारकून म्हणाला, "बसा मग." ते बसले. दहा वाजल्यापासून अडीचपर्यंत. बायको चाकाच्या खुर्चीत मान टाकून झोपून गेली.

शेवटी विभागाची डॉक्टरीणच जेवायला निघालेली दिसली. मास्तर तिच्या आडवे गेले आणि काही न बोलता मोरपिशी झगा उलटा करून तिच्यापुढे धरला.

"हे काय आहे आजोबा?"

"माझी चूक आहे," मास्तर म्हणाले. "तुमच्या सिस्टरनं विचारलं, कपडे सैल झाले का. मी नाही म्हटलं. खोटं नव्हतो बोलत हो. होत नव्हते सैल. मी होऊ देत नव्हतो. ही बघा टीप. ही पहिली, दोन वर्षांपूर्वीची. ही त्यानंतरची. ही सिस्टर यायच्या चार दिवस आधीची. बोट लावून बघा बाई, सात आहेत."

डॉक्टरणीनं बोट लावून बघितलं. जेवण राहिलंच तिचं. ती दोघांना आत घेऊन गेली, कारकुनाकडून नवा फॉर्म मागवला आणि स्वतः भरला. दमणं, जिना, चालणं, वजन. चार 'हो'. मास्तरांच्या छातीवरचा दगड हलला. चूक झाली होती, पण निस्तरली. आता नाव लागणार. बायकोचा हात त्यांनी हातात घेतला आणि दाबला.

"एकच राहिलं," डॉक्टरीण म्हणाली. "आजी, हात छातीवर ठेवायचे. हातांचा आधार न घेता खुर्चीतून एकदा उठायचं. एकदाच."

बायकोनं हात छातीवर ठेवले. पुढे वाकली. तिचे गुडघे थरथरले, टाचा उचलल्या गेल्या, आणि ती चार बोटंही वर न येता पुन्हा मागे बसली. "थांबा हं," म्हणाली. पुन्हा केलं. पुन्हा. तिसऱ्यांदा तिच्या कपाळावर घाम आला आणि डॉक्टरणीनंच तिच्या खांद्यावर हात ठेवला. "पुरे आजी. छान केलंत."

मग तिला बाहेर बसवून डॉक्टरीण मास्तरांशी बोलली. व्यायामाच्या यादीत बसायला एकदा तरी स्वतः उठता यावं लागतं. तो नियम आहे. त्याच्याखाली गेलेल्या माणसाला व्यायामानं फायदा होत नाही, पडायची भीतीच जास्त. आता घरी आराम. पातळ, पौष्टिक खाणं. पलंगाला कठडा लावा. जमलं तर कुणी मदतीला ठेवा.

"म्हणजे तेव्हा ती बरी होती म्हणून नाही," मास्तर म्हणाले, "आणि आता बरी नाही म्हणून नाही?"

डॉक्टरणीनं भरलेला फॉर्म घडी करून बाजूला ठेवला.

"मधे कधी होतं मग? मधे कधी यायला हवं होतं आम्ही?" मास्तरांचा आवाज चढला. "सांगा ना! कुठला महिना?"

"चार-साडेचार महिन्यांपूर्वी," ती हळूच म्हणाली. "सिस्टर आली होती तेव्हा."

मास्तर बाहेर आले. बायको खुर्चीत जागी होती. "लागलं का हो नाव?" तिनं विचारलं.

"लागलं," मास्तर म्हणाले. "व्यायामवाली बाई येईल सोमवारपासून. दर सोमवारी आणि गुरुवारी, दहा वाजता."

का म्हणाले, देव जाणे. तिचा चेहरा बघून दुसरं काही तोंडातून निघेना.

सोमवारी साडेनऊलाच तिनं दाराजवळ खुर्ची मागितली. मास्तरांनी कसंबसं तिला तिथे नेऊन बसवलं. दहा वाजले, अकरा वाजले. "आज अडकली असेल कुठे," मास्तर म्हणाले. "असेल," ती म्हणाली. गुरुवारी पुन्हा तेच. पुढच्या सोमवारीही तेच. मास्तर प्रत्येक खेपेला नवं कारण शोधत होते. गाडी चुकली असेल, आजारी असेल, पत्ता सापडत नसेल. ती प्रत्येकाला "हो ना" म्हणायची. तीन तास सरळ बसून तिची पाठ दुखायची, ते मास्तरांना कळायचं. खरं सांगून टाकावं असं दर वेळी ओठांवर यायचं आणि दर वेळी ते गिळून टाकायचे.

दुसऱ्या गुरुवारी साडेअकरा वाजता ती म्हणाली, "अहो, दार लावा आता. वारा लागतोय."

"येईल गं अजून."

"नाही येणार. डॉक्टरणीच्या खोलीचं दार उघडंच होतं. सगळं ऐकलं मी."

मास्तर उभेच राहिले. "मग रोज बसत का होतीस इथे?"

"तुम्ही इतक्या हौसेनं सांगितलंत. तुमचं मन मोडवेना." तिनं दम खाल्ला. "त्या दिवशीही तसंच झालं. सिस्टरनं विचारलं तेव्हा सांगणार होते मी, की अहो, हे दर महिन्याला आत घेतात. पण तुम्ही असे ताठ बसला होतात. दुकान बंद झाल्यापासून तुम्हाला असं बोलताना मी ऐकलंच नव्हतं. म्हटलं, जाऊ दे. दोन 'हो' तर झालेत, करतील काहीतरी."

तिला जवळ घ्यावं की तिच्या पाया पडावं, ते मास्तरांना समजेना.

"मला आत जायचंय," ती एकदम म्हणाली. "लवकर."

त्यांनी तिच्या काखेत हात घातले. ती उठेना. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या मास्तरांच्या कमरेत कळ आली आणि हात सुटले. पुन्हा धरलं. तिनंही जोर लावला, दात आवळून. अर्धी उठली, पाऊल टाकायला गेली आणि तिथेच झालं. खुर्चीत, फरशीवर, मास्तरांच्या पायांवर.

ती रडली नाही. भिंतीकडे तोंड करून बसून राहिली. मास्तरांनी बादली आणली, फडकं आणलं, आणि गुडघ्यांवर बसून फरशी पुसायला लागले.

"उद्यापासून खुर्ची दारात नको," ती म्हणाली.

"बरं," मास्तर म्हणाले.